वॉर्ड बिशान, उमेदवार लिफ्ट

सिंगापूरच्या इतिहासात निवडणूक जिंकून महापौर झालेला माणूस एकच: ओंग एंग ग्वान. डिसेंबर १९५७ मध्ये सिटी कौन्सिलच्या ३२ जागांसाठी मतदान झालं, पीपल्स ॲक्शन पार्टीला म्हणजे पीएपीला १३ जागा मिळाल्या आणि ओंगसाहेब खुर्चीत बसले. बसल्याबसल्या त्यांनी हात घातला तो पाण्याला नव्हे, कचऱ्यालाही नव्हे, तर सभागृहात ब्रिटिश थाटात मिरवल्या जाणाऱ्या राजदंडाला. तो त्यांनी बाहेरच काढला. राजदंड पळवणं ही आपल्याकडे विरोधी पक्षाची मिरास. खुद्द महापौरानेच ते काम उरकल्यावर विरोधकांनी करायचं काय? पण त्यांना फार काळ बेकार बसावं लागलं नाही, कारण दीड वर्षात कौन्सिलचाच कारभार आटोपला. १९५९ मध्ये अंतर्गत स्वराज्य आलं, पीएपीचं सरकार बसलं आणि पालिकेची कामं सरकारने स्वतःकडे ओढून घेतली. त्यानंतर त्या देशात पालिकेची निवडणूक झालेली नाही.

निवडणूक गेली, पण गटार कुठे जातं? ते तुंबायचं राहत नाही. जिन्यातला दिवा जातो, लिफ्टमध्ये कोणीतरी नको ते करून ठेवतं, वरच्या मजल्यावरची बाई ओले कपडे पिळून वाळत घालत नाही. ही कामं करायला कोणीतरी लागतंच. यावर सिंगापूरने १९८८ मध्ये टाउन कौन्सिलचा कायदा करून तोडगा काढला. आधी आंग मो किओमध्ये प्रयोग करून पाहिला होता. तोडगा असा, की जो खासदार म्हणून निवडून येईल त्यानेच आपल्या भागातल्या सरकारी इमारतींचे जिने, लिफ्ट, दिवे, झाडलोट हे सगळं सांभाळायचं आणि रहिवाशांकडून दरमहा देखभालीची वर्गणी गोळा करायची. थोडक्यात, संसदेत परराष्ट्र धोरणावर बोलणारा माणूसच सोसायटीचा सेक्रेटरी.

बिशानकर या व्यवस्थेचे लाभार्थी. बिशान म्हणजे बेटाच्या मधोमध वसलेलं, नीटनेटकं, नोकरदार मध्यमवर्गाचं गाव. दोन मेट्रो मार्गांचं जंक्शन, त्याला लागून ‘जंक्शन एट’ नावाचा मॉल, चांगल्या शाळा, मोठी बाग आणि घरांच्या अशा किमती की ऐकताना बसून घ्यावं. राजकीयदृष्ट्या हे गाव शेजारच्या तोआ पायोबरोबर एका मतदारसंघात बांधलेलं आहे. आणि या मतदारसंघाने आपले नगरसेवक, माफ करा, खासदार म्हणून कोणाकोणाला राबवलं आहे ते पाहिलं तर आपल्याकडच्या कुठल्याही कार्यसम्राटाला न्यूनगंड यावा.

वोंग कान सेंग घ्या. देशाचे गृहमंत्री, पुढे उपपंतप्रधान. २००८ च्या फेब्रुवारीत मास सलामत नावाचा दहशतवादी कोठडीतून पळाला तेव्हा खातं त्यांच्याकडेच होतं. चौकशी झाली. एवढ्या कडेकोट बंदोबस्तातून तो निसटला कसा? तर संडासाच्या खिडकीतून, आणि त्या खिडकीला जाळी नव्हती. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न फिरून फिरून शेवटी वॉर्ड ऑफिसच्या अखत्यारीत आला. त्यांच्या बरोबरीने याच मतदारसंघात इंग एंग हेन होते. मूळचे कर्करोगाचे शल्यविशारद, २००१ मध्ये खासदार झाले आणि २०११ ते २०२५ देशाचे संरक्षणमंत्री राहिले. पाणबुड्या, लढाऊ विमानं हा दिवसाचा उद्योग. संध्याकाळी मतदारांची गाऱ्हाणी.

संध्याकाळचा हा कार्यक्रम म्हणजे आपला जनता दरबार. त्याला तिथे ‘मीट द पीपल सेशन’ म्हणतात आणि तो देशाचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल यांनी १९५५ मध्ये सुरू केला. आठवड्यातून एकदा, इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत किंवा तिथल्याच एखाद्या खोलीत टेबलं मांडतात. लोक टोकन घेऊन बसतात. कार्यकर्ते लॅपटॉपवर गाऱ्हाणं टिपून घेतात. कोणाला पार्किंगचा दंड माफ हवा असतो, कोणाच्या मुलाला जवळची शाळा मिळालेली नसते, कोणाच्या बायकोच्या व्हिसाचं अडलेलं असतं. खासदारसाहेब ऐकून घेतात आणि संबंधित खात्याला पत्र देतात. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला यातलं काहीच नवीन नाही. साहेबांचं शिफारसपत्र ही आपली जुनी ओळखीची वस्तू. फरक एवढाच, की आपल्याकडे पत्र मिळालं म्हणजे काम झालं असं समजतात, आणि तिकडे पत्राला खात्याकडून सभ्य भाषेत नकारही येऊ शकतो. साहेब स्वतः मंत्री असले तरी.

मुलाकडे राहायला पुण्याहून आलेल्या वडिलांना हे पटता पटत नाही.

‘म्हणजे जिन्यातला दिवा गेला तर थेट मंत्र्याला सांगायचं?’

‘नाही हो बाबा, टाउन कौन्सिलच्या ॲपवर फोटो टाकायचा.’

‘आणि मग मंत्री काय करतो?’

‘काही नाही. दिवा लागलेला असतो.’

बाबा गप्प बसतात. ज्या नेत्याला दिवा लावल्याचं उद्घाटन करता येत नाही त्याने मतं कशावर मागायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो आणि तो अगदीच गैरलागू नाही.

मतदानाची पद्धत पुणेकरांना एका बाबतीत मात्र ओळखीची वाटते. पुण्यात चार जणांचा प्रभाग असतो. बिशान-तोआ पायोतही सध्या चार खासदारांचा चमू असतो. अशा मतदारसंघाला जीआरसी म्हणतात. ही पद्धत १९८८ पासून आहे. कारण सांगितलं जातं ते असं, की चमूत एक तरी मलय, भारतीय किंवा अन्य अल्पसंख्य उमेदवार असलाच पाहिजे, म्हणजे सगळी संसद चिनी वंशाची होणार नाही. पुण्यात मतदार चार वेळा बटण दाबतो आणि त्यात मनसोक्त खिचडी करतो: अ गटात जातवाला, ब गटात ओळखीची ताई, क गटात पक्ष आणि ड गटात ज्याने सोसायटीला बाकडी दिली तो. बिशानमध्ये ही चैन नाही. शिक्का एकच. चारही आले तर येतील, नाहीतर चारही घरी. त्यामुळे वजनदार मंत्र्याच्या चमूत नवखे उमेदवार अलगद संसदेत जाऊन बसतात. पालखीचे भोई बदलतात तसं यात काही नाही. इथे भोई एकच आणि आत चौघे.

अर्थात शिक्का मारायची वेळ आली तर. १९९७ मध्ये हा मतदारसंघ तयार झाला आणि १९९७, २००१, २००६ अशा सलग तीन निवडणुका इथे बिनविरोध झाल्या. समोर कोणी उभंच राहिलं नाही. म्हणजे १९९७ मध्ये लग्न करून बिशानमध्ये फ्लॅट घेतलेल्या जोडप्याची मुलं शाळेत जायला लागली तरी आई-बापांना मतदान केंद्राचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. आपल्याकडे ‘बिनविरोध’ म्हटलं की मागे काय काय घडलं असेल याच्या कथा चहाच्या टपरीवर रंगतात. जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रात महापालिकांच्या निवडणुका झाल्या तेव्हा मतदानाआधीच डझनावारी उमेदवार बिनविरोध आले आणि त्या कथांना ऊत आला. सिंगापुरातल्या बिनविरोधाच्या कथा फार कोरड्या असतात. २०११ मध्ये तांजोंग पागार मतदारसंघात अपक्षांचा एक चमू अर्ज भरायला पोचला तो पस्तीस सेकंद उशिरा. अर्ज घेतला नाही. पस्तीस सेकंदांत पाच खासदार बिनविरोध! आपल्याकडे तेवढा वेळ साहेबांना गाडीतून उतरून उपरणं सावरायला लागतो.

बिशानमध्ये पहिली लढत झाली ती त्याच साली, २०११ मध्ये. लढायला आले च्याम सी तोंग. या गृहस्थांची कथा सांगितल्याशिवाय सिंगापूरची कुठलीही स्थानिक निवडणूक पूर्ण होत नाही, आणि मराठी वाचकाला ती विशेष भावेल, कारण तिची सुरुवात शाळेच्या मार्कांपासून होते.

१९८४ मध्ये पोतोंग पासिर या शेजारच्या भागात च्याम उभे होते. विरुद्ध पीएपीचे तरुण, हुशार माह बाउ तान. पंतप्रधान ली क्वान यू प्रचाराला आले आणि त्यांनी भर सभेत दोघांचे शालान्त परीक्षेचे निकाल वाचून दाखवले. यांना इतक्या विषयांत विशेष प्रावीण्य, त्यांना नुसतेच बरे गुण. बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या समाजात हा प्रचार कदाचित खपला असता. पोतोंग पासिरमध्ये उलटंच झालं. ज्यांचे स्वतःचे मार्क बेताचे होते ते बहुसंख्य निघाले, आणि च्याम साठ टक्के मतं घेऊन निवडून आले. एकदा आले ते सत्तावीस वर्षं तिथून हललेच नाहीत.

मार्कांनी भागलं नाही म्हटल्यावर लिफ्ट पुढे आली.

त्यासाठी जुन्या एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतींची रचना समजून घ्यावी लागते. या सरकारी इमारती दहा-बारा मजली. पण बांधताना काटकसर म्हणून लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबायची. मधल्या मजल्यांवरच्यांनी एखादा जिना चढायचा किंवा उतरायचा. बांधली तेव्हा माणसं तरुण होती, चाललं. पुढे गुडघे बोलायला लागले. सरकारने जुन्या इमारती सुधारण्याच्या योजना आणल्या, त्यात पुढे प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवणंही आलं, आणि एक गोष्ट जाहीरपणे सांगून टाकली: ज्या भागांनी आमच्या पक्षाला निवडून दिलं त्यांचा नंबर आधी, बाकीच्यांचा शेवटी. गो चोक तोंग पंतप्रधान असताना १९९७ च्या निवडणुकीत हे उघड बोललं गेलं. २००६ मध्ये त्यांनीच पोतोंग पासिरच्या मतदारांपुढे आठ कोटी डॉलरच्या सुधारणांचं ताट मांडलं. विरोधकांच्याच ताब्यातल्या हौगांगसाठी दहा कोटी. निधी अडवून विरोधी नगरसेवकाचा वॉर्ड कोरडा ठेवणं हे आपल्याकडे चालतं, पण ते गुपचूप. स्थायी समितीत फाइल गहाळ होते, कोणी माइकवरून सांगत नाही. सिंगापूरची पारदर्शकता जगजाहीर आहे.

पोतोंग पासिरच्या म्हाताऱ्यांनी आठ कोटी नाकारले आणि जिने चढले. गंमत म्हणजे मार्कांत पहिले आणि मतांत दुसरे आलेले माह बाउ तान तोवर दुसऱ्या मतदारसंघातून निवडून येऊन राष्ट्रीय विकास मंत्री झाले होते. एचडीबी त्यांच्याच खात्यात. म्हणजे ज्या गावाने त्यांना पाडलं त्या गावाच्या लिफ्टची फाइल त्यांच्याच टेबलावर. असा योग कादंबरीत आणला तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

तर हे च्याम २०११ मध्ये पोतोंग पासिरची गादी पत्नी लीना यांच्या हाती देऊन बिशान-तोआ पायोत पाच जणांचा चमू घेऊन उतरले. ‘गादी पत्नीकडे’ हा भाग महाराष्ट्रात समजावून सांगायची गरज नाही. निकाल मात्र दोन्हीकडे विरुद्ध लागला. लीना ११४ मतांनी पडल्या. बिशानमध्ये पीएपीला ५६.९३ टक्के आणि च्याम यांच्या चमूला ४३ टक्क्यांच्या आसपास. पहिल्यांदाच मत द्यायला मिळालेल्या बिशानकरांपैकी एवढ्यांनी गृहमंत्रिपद भोगलेल्या आणि देशाचा संरक्षणमंत्री होऊ घातलेल्या माणसांविरुद्ध शिक्का मारावा, हे नीटनेटक्या गावाला शोभणारं नव्हतं. पुढच्या वेळी, २०१५ मध्ये, त्यांनी सावरून घेतलं: ७३.५९ टक्के. २०२० मध्ये ६७ च्या घरात. आणि ३ मे २०२५ रोजी ७५.२१.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सिंगापूरमध्ये लिफ्टचीही निवडणूक झालेली आहे. खरीखुरी. इमारतीला प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट हवी का, यासाठी त्या त्या इमारतीत मतदान घेत, घरातली संडास-बाथरूम नव्याने करून हवीत का यासाठी अजूनही घेतात, आणि किमान ७५ टक्के पात्र नागरिक कुटुंबांनी होकार दिला तरच काम होतं. ७४ टक्के पडले तर बसा जिने चढत. आता हाच निकष खासदारांना लावून पाहा. २०११ मध्ये बिशानला खासदार मिळाले, लिफ्ट मिळाली नसती. २०१५ ला दीड टक्क्याने हुकली असती. २०२० ला विचारच नको. २०२५ मध्ये पाव टक्क्याहूनही कमी फरकाने का होईना, चारही उमेदवार लिफ्टच्या पातळीला पोचले.

प्रचाराचं म्हणाल, तर महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला निवडणूक चालू आहे हे कळायलाच दोन दिवस लागतात. ‘भावी खासदार’ असा वाढदिवसाचा फ्लेक्स नाही. चौकात काळा चष्मा लावून हात जोडलेले बारा चेहरे नाहीत. २०२५ मध्ये २३ एप्रिलला अर्ज भरले, त्यानंतर विजेच्या खांबांवर पोस्टर चढली, नऊ दिवस प्रचार झाला, दहाव्या दिवशी सगळं चिडीचूप. मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचाराला बंदी. मतदाराने शांत डोक्याने विचार करावा म्हणून. आपल्याकडे ती रात्र लक्ष्मीदर्शनाची. तिकडे खर्चाची मर्यादा मतदारामागे पाच डॉलर. तेवढ्यात हॉकर सेंटरमध्ये एक प्लेट चिकन राइस येतो, पण तो मतदाराला खाऊ घातला तर गुन्हा. पीएपीचे उमेदवार पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून दारोदार फिरतात. हे बघून मराठी माणसाला पहिल्यांदा गावाकडची आठवण येते. मग तो खाली बघतो. बुटांवर धूळ नसते.

मतदान सक्तीचं आहे. दांडी मारली तर यादीतून नाव उडतं आणि सबळ कारण नसेल तर ते परत घालायला पन्नास डॉलर. बोटाला शाई लावत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये आपल्याकडे शाईऐवजी मार्कर पेन वापरलं आणि खूण पुसली जाते की नाही यावर दिवसभर वाद पेटला. तिथे ती कटकटच नाही. मतपत्रिकेवर फुलीचा शिक्का मारायचा आणि घरी जायचं.

मतदार यादीतला मृतांचा सहभाग हा आपला आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. या बाबतीत बिशानला केवढी संधी होती! हे सगळं गाव उभं आहे ते एका अवाढव्य चिनी दफनभूमीच्या जागेवर. १८७० मध्ये कँटोनी लोकांनी ती सुरू केली, १९७३ मध्ये दफन थांबलं, मग सरकारने जमीन घेतली, कबरी उकरून अस्थी हलवल्या आणि ऐंशीच्या दशकात इमारती उभ्या केल्या. १९८७ मध्ये देशातली पहिली मेट्रो धावली तिच्या मार्गावर बिशान होतं आणि शेवटच्या गाडीत दिसणाऱ्या भुतांच्या गोष्टी लगेच सुरू झाल्या. त्या आजही सांगतात. पण गाडीने फिरणाऱ्या या मंडळींपैकी एकानेही आजवर बिशानमध्ये मतदान केल्याची तक्रार नाही. आपल्या कुठल्याही होतकरू शाखाप्रमुखाला ही जागा मिळाली असती तर ७५ टक्क्यांसाठी एवढा झगडा करावा लागला नसता.

माणसांच्या निवडणुकांत एवढा संयम पाळणारं हे गाव एकदा मात्र उत्साहाने पेटलं होतं. बिशानच्या बागेतून वाहणारा काँक्रीटचा सरळसोट नाला फोडून त्याची वळणावळणाची नदी केली गेली. २०१२ मध्ये बाग नव्या रूपात खुली झाली आणि नदीत पाणमांजरांचं एक कुटुंब राहायला आलं. आई-बाप आणि पिल्लं मिळून दहा, म्हणून नाव पडलं ‘बिशान टेन’. २०१६ मध्ये देशाच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाचं प्रतीक कोणतं असावं यावर ‘द स्ट्रेट्स टाइम्स’ने वाचकांचा कौल घेतला, तेव्हा ही पाणमांजरं निवडून आली. डिपॉझिट नाही, जाहीरनामा नाही. ती पुढे मतदारसंघ सोडून कालांग नदीतून खाली मरीनाच्या उच्चभ्रू किनाऱ्याकडे सरकली आणि तिथल्या जुन्या पाणमांजर-घराण्याला हुसकावून बसली. श्रीमंतांच्या तळ्यांतले महागडे कोई मासे फस्त केल्याचे आरोपही त्यांच्या जातभाईंवर झाले. कारवाई झाली नाही. एवढं वाचल्यावर या प्राण्यांना महाराष्ट्रातून तिकीट द्यायला हरकत नसावी.

या सगळ्यात बिशानमधली मराठी कुटुंबं बहुधा प्रेक्षक असतात. मत फक्त नागरिकांना. पीआर म्हणजे कायम रहिवासी असलेला मराठी माणूस वीस वर्षं कर भरतो, मुलाला दोन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेला पाठवतो, पण शिक्का त्याच्या हाती येत नाही. नागरिकत्व घ्यायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, आणि तिथे गावाकडची जमीन आडवी येते. त्यामुळे अनेक घरांत तडजोड होते: एकाने पासपोर्ट बदलायचा, दुसऱ्याने सातबारा सांभाळायचा. मतदानाच्या दिवशी अर्धं घर खाली केंद्रावर जातं आणि अर्धं घर पोहे करतं. मग पोहे खाता खाता पोहे करणाऱ्यांचीच राजकीय मतं जास्त ठाम असल्याचं लक्षात येतं.

अशाच एखाद्या कुटुंबाचा पुतण्या लंडनच्या हॅरोत असतो. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक तिथे रीतसर राहत असले तर त्यांना बरो कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. भारतीय पासपोर्टवर, अगदी शिकायला गेलेल्या पोरालाही. तो पठ्ठ्या सहा महिन्यांपूर्वी हिथ्रोला उतरलेला असतो आणि फोनवर सांगतो, ‘आमच्याकडे कचऱ्याच्या डब्यांवरून जाम वातावरण तापलंय, काका.’ बिशानचे काका, जे त्या पोराच्या जन्माच्या आधीपासून सिंगापूरला आहेत, विषय बदलतात.

२०२५ च्या निवडणुकीला संरक्षणमंत्री इंग एंग हेन उभे राहिले नाहीत आणि चमूचे म्होरके होते ची होंग तात. वाहतूकमंत्री होते, मे महिन्यातच त्यांना नवं खातं मिळालं: राष्ट्रीय विकास. म्हणजे एचडीबी त्यांच्याकडे, आणि टाउन कौन्सिलांच्या लिफ्ट कशा चालतात, झाडलोट कशी होते यावर हिरवा-पिवळा-लाल शेरा देणारा अहवाल काढणारं मंत्रालयही त्यांच्याकडेच. त्यामुळे बिशानच्या एखाद्या आजींना लिफ्टबद्दल तक्रार करायची असेल आणि ती अगदी वरपर्यंत न्यायची असेल, तर त्यांना फार लांब जावं लागत नाही. लिफ्टने खाली यायचं, टोकन घ्यायचं आणि बसायचं. लिफ्ट बंद असेल तर मात्र पंचाईत आहे.